दोन मध्यम कांदे

पाव किलो कांदा बारीक चिरून तेलात मध्यम आचेवर पाच मिनिटं परता, छान तांबूस होईल, असं सांगणाऱ्या कृती ढिगाने सापडतात. कांदा पाच मिनिटांत तांबूस होत नाही. का होत नाही हे कळायला गॅस पेटवायचीही गरज नाही, शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं. कांद्याच्या वजनात साधारण 89 टक्के पाणी असतं, म्हणजे पाव किलोत सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. हे पाणी कढईत आहे तोवर कांद्याचं तापमान 100 अंशांच्या वर फारसं चढत नाही. कांद्याला रंग आणि खमंगपणा देणारी रासायनिक क्रिया (लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तिचं वर्णन 1912 मध्ये केलं, म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात) जोमात यायला याहून बरीच जास्त धग लागते. तेव्हा आधी पाणी जायला हवं. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ व्हायला सुमारे 2,260 ज्यूल उष्णता खर्च होते. सगळं नाही, दीडशे ग्रॅमच पाणी घालवायचं म्हटलं तरी हा आकडा 3 लाख 40 हजारांच्या घरात जातो. घरच्या मध्यम आचेवर कढईला सेकंदाला सहाशेएक ज्यूल मिळतात असं धरलं, तर नुसतं पाणी उडायला साडेनऊ मिनिटं लागतात. कांदा तापेपर्यंतची दोनेक मिनिटं वेगळी, आणि रंग चढणार तो त्यानंतर. पाच मिनिटं लिहिणाऱ्याने एकतर आच मोठी ठेवली होती, किंवा त्याचा कांदा पाव किलो नव्हता, किंवा त्याने घड्याळाकडे पाहिलं नव्हतं. चौथी शक्यता अशी, की त्याने कांदा परतलाच नव्हता. दुसऱ्या कुणाच्या तरी कृतीतलं वाक्य उचललं होतं.

पाककृती दोन जातींच्या असतात, केलेल्या आणि नुसत्या लिहिलेल्या. छापून आल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. फोटो बहुधा लिहिलेल्या कृतीचाच जास्त देखणा. रोजच्या स्वयंपाकासाठी कृती शोधणाऱ्यापुढचा खरा प्रश्न हा, की या जाती करायला घेण्याआधी ओळखता येतात का. बहुतेक वेळा येतात, असं माझं म्हणणं आहे. ज्याने पदार्थ खरोखर केलाय त्याच्या मजकुरात त्याच्याही नकळत काही खुणा राहून जातात: भांडं कसलं होतं, वास केव्हा बदलला, काय करपायला बघतं, कुठे हात आवरायचा. ज्याने तो केलेला नाही त्याला या खुणा रचता येत नाहीत, कारण त्या सुचायला एकदा तरी हात भाजावा लागतो. सणावाराच्या पदार्थात फसगत झाली तर गंमत म्हणून खपून जाते, दोन तास हाताशी असतात, पाहुणेही समजून घेतात. संध्याकाळी साडेसातला कामावरून येऊन करायच्या उसळीत ती खपत नाही. म्हणजे रोजच्या कृतीची पारख सणाच्या कृतीपेक्षा कडक हवी, आणि आपण नेमकं उलट करतो. बासुंदीची कृती चार ठिकाणी पडताळून पाहतो, दुधीच्या भाजीची पहिली दिसेल ती उचलतो.

दुधीच्या भाजीची चांगली कृती मिळणं अवघड का, याला थोडा इतिहासही आहे. रोजचं जेवण लिहून ठेवावं असं फार काळ कुणाला वाटलं नाही. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ. त्यातल्या अन्नभोगाच्या भागात मांडे आहेत, वडे आहेत, मांसाचे नाना प्रकार आहेत, पण ते राजाच्या ताटाचं वर्णन आहे. मराठीत छापील पाकशास्त्र आलं ते 1875 मध्ये, रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्रा’च्या रूपाने. 1910 मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ निघालं. वरण, भात, पालेभाजी हे घरात वाढणारी मुलगी बघून बघून शिकणारच, असं त्या काळी सगळेच धरून चालत, त्यामुळे लिहायचं ते विशेष. 1970 मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’च्या लाखाहून जास्त प्रती खपल्या. त्याची कारणं अनेक सांगतात. मला त्यातलं सर्वात वजनदार वाटतं ते हे, की त्यातली मापं वाटी आणि चमच्याची आहेत. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा, तेव्हा 1970 मध्ये कित्येक घरांत शेर आणि किलो अशा दोन्ही भाषा नांदत असणार. वाटीला कायदा लागत नव्हता, ती प्रत्येक फडताळात होती.

वाटी, मूठ, चिमूट ही मापं ढोबळ, म्हणून मराठी कृती बेभरवशाच्या, असा एक आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. ढोबळ मापं ही काही आपली एकट्याची मिरास नव्हे. अमेरिकेतही ‘अंड्याएवढं लोणी’ असं लिहायची रीत होती. बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांनी 1896 च्या आपल्या पुस्तकात काठोकाठ सपाट केलेला कप आणि सपाट चमचा यांचा आग्रह धरला, तेव्हापासून ती मोडत गेली. आपली ‘लिंबाएवढी चिंच’ त्याच घराण्यातली, आणि चिंचेपुरती ती चालते, कारण आमटीत चिंच थोडी कमीजास्त झाली तरी गुळाने सावरता येते. वाटीची खरी ताकद अशी, की ती वजन सांगत नाही, प्रमाण सांगते. एक वाटी रव्याला अडीच वाट्या पाणी, हे वाटी केवढीही असली तरी खरं राहतं, फक्त दोन्ही वेळा वाटी एकच हवी. गोंधळ सुरू होतो तो प्रमाणाच्या मापात सुटी मापं मिसळली की. ‘एक वाटी तूरडाळ, दोन मध्यम कांदे, एक चमचा मीठ’ या ओळीत तीन निरनिराळ्या जातींची मापं शेजारी बसली आहेत. वाटी दीडशे मिलिलिटरची की दोनशेची? मध्यम कांदा कुठला? आपल्या बाजारात शंभर ग्रॅमच्या आसपासचा कांदा मध्यम म्हणून खपतो. अमेरिकेतल्या दुकानातला पिवळा कांदा सहज त्याच्या दुप्पट भरतो, आणि तिथल्या मराठी घरात ‘रुचिरा’ उघडून दोन मध्यम कांदे चिरले की रश्शाची कांद्याची चटणी होते. कप अमेरिकेत 240 मिलिलिटरचा धरतात, ऑस्ट्रेलियात 250 चा. मोठा चमचा बहुतेक देशांत 15 मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात 20 चा. म्हणून ‘या पुस्तकातली वाटी म्हणजे अमुक मिलिलिटर’ असं सुरुवातीलाच सांगणारा लेखक माझ्या लेखी निम्मी परीक्षा पास झालेला असतो. त्याने वाटी मोजली आहे, म्हणजे तिच्यात काहीतरी भरलंही आहे.

मिठाचा चमचा ही आणखी फसवी गोष्ट. बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा सहाएक ग्रॅमचा भरतो. तोच चमचा खडेमिठाने भरला तर मधल्या पोकळीमुळे वजन घटतं. मसाल्याचं तर विचारूच नये. ‘एक चमचा गोडा मसाला’ ही दोन घरांत दोन वेगळी आज्ञा असते, कारण एका घरच्या मसाल्यात सुकं खोबरं आणि तीळ जास्त, दुसरीकडे दगडफूल आणि नागकेशर बोलतात. कांदा-लसूण मसाल्यासारख्या कित्येक तयार मसाल्यांत मीठही असतं. पाकिटाच्या मागच्या बाजूला ते छापलेलं असतं, पण फोडणी तडतडत असताना पाकीट उलटं करून कोण वाचतं? केलेली कृती इथे लगेच ओळखू येते. तिच्यात लिहिलेलं असतं, की मसाल्यात मीठ असेल तर आधी निम्मंच घाला आणि उकळी आल्यावर चव बघा. लिहिलेल्या कृतीत ‘मीठ चवीनुसार’ हे दोन शब्द येतात आणि लेखक पुढे सरकतो. पातळ आमटीच्या बाबतीत ते दोन शब्द पुरतातही, कारण चव घेता येते. कच्च्या वड्याच्या पिठात, कोथिंबीरवडीच्या मिश्रणात, मळलेल्या थालीपिठाच्या भाजणीत चव घेणं अनेकांना नकोसं वाटतं. तिथे माप दिलेलं नसेल तर ती लेखकाची कामचुकारी आहे.

आपल्या स्वयंपाकघरातलं सर्वात लाडकं आणि सर्वात निरर्थक माप म्हणजे शिट्टी. कुकरवरचं वजन आतल्या वाफेचा दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला की उचललं जातं. तेव्हा आतलं तापमान 120 अंशांच्या आसपास असतं. डाळ शिजते ती या तापमानात किती वेळ राहिली यावर. शिट्ट्यांची संख्या मात्र आच किती, कुकर केवढा, पाणी किती यांवर ठरते. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होऊन जातात आणि हरभरे टणकच राहतात. आच बारीक केली तर दाब पुरा असूनही वजन हलत नाही, नुसती वाफ फुसफुसत राहते आणि तेच हरभरे लोण्यासारखे होतात. स्प्रिंगच्या झडपेचे परदेशी कुकर किंवा विजेवर चालणारे कुकर शिट्टी देतच नाहीत, त्यामुळे शिट्टीत मोजलेली कृती तिथे वाचताच येत नाही. ‘पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून बारा मिनिटं ठेवा, मग दाब आपोआप उतरू द्या’ हे वाक्य मात्र कुकरसमोर उभ्या असलेल्या माणसाचं आहे. उघड्या पातेल्यात शिजवायचं असेल तर गावाच्या उंचीलाही अर्थ असतो: दर तीनशे मीटर चढलं की पाणी साधारण एक अंश आधी उकळतं, म्हणजे महाबळेश्वरला ते पंचाण्णव-शहाण्णव अंशांवरच उकळायला लागतं. मुंबईत पाऊण तासात उघड्यावर शिजलेली उसळ तिथे तेवढ्यात होत नाही, यात वाण्याने जुनं कडधान्य गळ्यात मारलं असेलच असं नाही.

मापांइतकीच, किंबहुना जास्त, बोलकी असते ती क्रमवारी. चिंच-गुळाची आमटी घ्या. तूरडाळ, चिंचेचा कोळ, गूळ, हळद, मीठ सगळं एकदम कुकरमध्ये घालायला सांगणाऱ्या ‘झटपट’ कृती हल्ली बऱ्याच आहेत. डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन पाण्यात विरघळतं तेव्हा डाळ मऊ होते. आंबट माध्यमात ते विरघळायला मागत नाही. कॅल्शियममुळे ते आणखी घट्ट होतं, म्हणूनच जड पाण्याच्या गावात डाळी हट्टी असतात. गुळात साखर असते आणि थोडं कॅल्शियमही, तेव्हा तोही त्याच बाजूला. कुकरच्या 120 अंशांत नवी डाळ हे सगळं सोसून शिजेलही, पण जरा जुनी असेल तर आमटीत दाणे वेगळे आणि पाणी वेगळं. आधी डाळ शिजवून घोटा, चिंच-गूळ नंतर, हा घराघरातला क्रम म्हणूनच रसायनशास्त्राला धरून आहे. पण परंपरेला सरसकट पास करण्यात अर्थ नाही. कडधान्य शिजण्याआधी मीठ घालू नये, दाणा टरटरीत राहतो, हेही तितक्याच ठामपणे सांगितलं जातं. प्रत्यक्षात भिजवायच्या पाण्यात मीठ घातलं तर सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतो आणि राजमा-हरभऱ्यासारखी जाड सालीची कडधान्यं उलट लवकर मऊ होतात. चिंचेबद्दल आजीचं बरोबर, मिठाबद्दल चूक. एखादी कृती ‘चिंच मागाहून, नाहीतर डाळ शिजणार नाही’ असं कारणासकट सांगते तेव्हा ते कारण तपासता तरी येतं. नुसत्या हुकुमाला तपासायची सोय नसते.

यावरचा सर्वात जुना आणि सर्वात प्रेमळ आक्षेप असा, की हे सगळं शहाणपण व्यर्थ आहे. स्वयंपाक अंदाजाने होतो, हाताला चव लागते, आधीच्या पिढ्यांतल्या बायकांनी कधी काही मोजलं नाही. मोजलं नाही हे खरं नाही. त्यांचं माप भांड्यांत होतं. तांदळाला ठराविक मापटं, भाताला ठराविक पातेलं, पाण्याला बोटाच्या पेराची खूण, डाळ तीच, वाणी तोच, चूल तीच, खाणारी माणसंही बहुधा तीच. इतक्या गोष्टी स्थिर असल्या की डोळ्यांनी घातलेलं मीठही बरोबर पडतं. शिवाय हा अंदाज कुणाच्या तरी देखरेखीखाली शेकडो वेळा केल्यानंतर आलेला होता. भाड्याच्या खोलीत, नव्या कुकरमध्ये, ऑनलाइन मागवलेल्या तांदळाचा पहिला भात लावणाऱ्या मुलाला ‘अंदाजे घाल रे’ असं फोनवर सांगणं म्हणजे त्याला काहीच न सांगणं. त्याला आधी माप हवं. अंदाज हा मापाचा विरोधक नसून मापाने बरेच दिवस केल्यानंतर हाती उरणारी गोष्ट आहे.

उलट टोकाचा आक्षेपही तितकाच जोरकस आहे: मग वाटी-चमचा सोडाच, सगळं ग्रॅममध्ये तोला. डिजिटल काटा आता महाग राहिलेला नाही. केक-पावासाठी, पाकाच्या वड्यांसाठी, लोणच्यासाठी हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. लोणच्यातलं मीठ हे चवीपुरतं नसतं, ते टिकवणारं असतं. तिथे डोळ्यांवर विसंबणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. पण पोळीची कणीक घ्या. लोकवन गहू, सिहोर गहू, गिरणीत बारीक दळलेलं पीठ, पाकिटातलं पीठ, पावसाळ्यातली हवा, मेमधली हवा, या सगळ्यांत त्याच वजनाच्या पिठाला लागणारं पाणी बदलतं. ज्या कृतीत ‘200 ग्रॅम कणकेला 124 मिलिलिटर पाणी’ असा काटेकोर आकडा आहे ती अचूक दिसते, पण ती एका पिठाची, एका दिवसाची गोष्ट आहे. कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ हवी, हे आपल्याकडचं सांगणं इथे आकड्यापेक्षा सरस ठरतं, कारण ते पाण्याचं नाही तर परिणामाचं माप आहे, आणि कानाची पाळी तर प्रत्येकाजवळ असते. तीच गोष्ट पाकाची. दोन बोटांत तार धरून बघणं हे तापमापक नसल्यामुळे केलेलं ओढूनताणून काम नव्हे. साखरेचं प्रमाण वाढतं तसा पाकाचा उत्कलनबिंदू चढत जातो आणि त्याचा चिकटपणाही, त्यामुळे तार, थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी, कडक गोळी, या एकामागोमाग येणाऱ्या अवस्था तापमानाच्या पट्टीवर बसवता येतात. मऊ गोळीची अवस्था 112 ते 116 अंशांच्या दरम्यान येते. तापमापक बिघडला तर कळायला मार्ग नाही. गोळी खोटं बोलत नाही.

भात या दोन्ही टोकांच्या मधोमध बसतो, आणि तिथे कृती लिहिणाऱ्यांची परीक्षा चांगली होते. ‘एकाला दोन’ हे प्रमाण तोंडपाठ असतं, मग चार माणसांचा भात बारा माणसांसाठी करताना सगळं तिप्पट करतात आणि उघड्या पातेल्यातला भात गिच्च होतो. मोकळ्या भातासाठी तांदूळ स्वतःच्या मापाइतकं किंवा थोडं अधिक पाणी शोषतो. बाकीचं वाफ होऊन जातं. वाफ किती होणार हे तांदळावर नव्हे तर भांड्याचं तोंड, झाकण आणि वेळ यांवर ठरतं, म्हणून ते तिप्पट होत नाही. कुकरच्या बंद डब्यात वाफ फारशी जातच नाही, त्यामुळे तिथे प्रमाण सरळ वाढवलेलं चालतं. ‘माणसं वाढली तर पाणी त्याच हिशोबात वाढवू नका’ एवढी एक ओळ ज्या मसालेभाताच्या कृतीत आहे, तिच्या लेखकाने पंगत वाढलेली आहे.

आता कुणी म्हणेल, वाचायची कटकट कशाला, व्हिडिओ आहेत की. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. रंग, दाटपणा, फोडणीचा आवाज, उकड मळताना हाताची चाल, या गोष्टी शब्दांत पकडणं कठीण, आणि ज्या स्वयंपाकघरात शेजारी उभं राहून दाखवणारं कुणी नाही तिथे व्हिडिओने खरोखर मोठं काम केलंय. कांद्याचा ‘गुलाबी’ हा मराठी कृतींमधला रंग प्रत्यक्षात कसा असतो (गुलाबी तर तो अजिबात नसतो) हे दाखवायला पडदाच हवा. पण व्हिडिओचा स्वभावदोष वेळेबद्दल आहे. कांद्याची अकरा मिनिटं कुणी बघत नाही, म्हणून ती कापली जातात, आणि सफेद कांदा पुढच्या क्षणी तांबूस झालेला पाहून मनावर ठसतं ते हेच, की हे काम क्षणात होतं. त्यात पिवळसर दिव्यांखाली सगळंच जरा जास्त खमंग दिसतं. माझ्या मते व्हिडिओ एकदा बघावा, आणि करायला घेताना मात्र कागदावर उतरवलेल्या सहा-सात ओळी समोर असाव्यात. उतरवताना ज्या जागी हात अडखळतो (‘इथे किती वेळ परतलं होतं?’) ती जागा व्हिडिओ बनवणाऱ्यानेच सांगितलेली नाही, हेही तेव्हाच कळतं.

आणखी एक शंका उरते. चव ही ज्याची त्याची, मग चांगली कृती आणि वाईट कृती असा भेद तरी कशाच्या जोरावर करायचा? यावर साधा उपाय आहे. एकाच पदार्थाच्या तीन कृती शेजारी ठेवायच्या, शक्यतो तीन निरनिराळ्या माणसांच्या. चिंच-गुळाच्या आमटीच्या तीन कृतींत बघा: घोटलेली तूरडाळ, मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, एक आंबट, एक गोड, गोडा मसाला, वरून कोथिंबीर, हे तिन्हीकडे भेटतं. हा पदार्थाचा सांगाडा. याला हात लावला तर ती आमटी राहत नाही. एकीकडे मेथीदाणे आहेत, दुसरीकडे कढीपत्ता आणि जिरं, तिसरी कोकणातली असली तर चिंचेऐवजी आमसूल. हे आवडीचं क्षेत्र, इथे कुणाचं ऐकायचं ते तुम्ही ठरवा. आणि तिन्हींत जिथे आकडे एकमेकांशी भांडतात, म्हणजे एकीत गूळ सुपारीएवढा आणि दुसरीत अर्धी वाटी, तिथे एकतर छपाईची चूक आहे किंवा डाळीचं माप वेगळं आहे, आणि तेवढी एकच ओळ तपासायची असते. भेद चवीवरून करायचा नाहीच. तुम्हाला गोड आमटी आवडत नसेल तरी ती कृती उत्तम असू शकते, जर तिच्याप्रमाणे केल्यावर तिने कबूल केलेली गोड आमटीच पातेल्यात उतरली तर. गोडी कमी करणं मग तुमच्या हातात असतं. कबूल केलेलं एक आणि उतरलेलं भलतंच, अशा कृतीत काय बदलायचं हेच कळत नाही.

मात्र निवडलेली कृती पहिल्यांदा करताना काहीही बदलू नये. कांदा नाही म्हणून कोबी, गूळ नाही म्हणून साखर, डाळ अर्धी पण पाणी तेवढंच, असं करून वर कृतीला नावं ठेवणारे लोक पाहिले की लेखकाची दया येते. दुसऱ्या वेळेपासून पेन्सिल हातात घ्यावी. जुन्या घरांत ‘रुचिरा’ची किंवा मंगला बर्वे यांच्या ‘अन्नपूर्णा’ची वापरून पिवळी पडलेली प्रत असते, तेलाचे डाग पडलेल्या पानांच्या समासात बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं असतं. ‘तिखट निम्मं.’ ‘मोठ्या कुकरला पाणी अर्धी वाटी कमी.’ ‘कांद्याला पंधरा मिनिटं, घाई नको.’ भाताच्या पानावर तर दोन वेगवेगळ्या शाईंत दोन नोंदी सापडतात. एक असते जुन्या तांदळाची. दुसरी, नंतर केव्हातरी लिहिलेली: ‘दिवाळीनंतरचा नवा इंद्रायणी, पाणी दोन नको, दीडच.’